रंगाखालचा गंज
(कामगार सुरक्षितता शिबिरातील भाषण)



रेल्वे आणि टपाल कामगारांपुढे विमानाच्या पंखाचे टेकू हा विषय का, असे काहींना वाटेल. टपालवाल्यांचा या टेकूंशी जुना संबंध आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. त्या विमानाचे पंख एकावर एक असे दुहेरी होते आणि ते टेकू व तारांनीच एकमेकांना बांधलेले होते.

पुढे छोट्या विमानांना एकच पंख राहिला, वैमानिकाच्या डोक्यावरून जाणारा. विमानाच्या धडापासून या पंखाला दोन्ही बाजूंनी तिरका दांडा लावतात. त्याला स्ट्रट म्हणतात. फ्लाइंग क्लबातले पुष्पक विमान ज्यांनी पाहिले असेल त्यांच्या डोळ्यांपुढे तो लगेच येईल. आपण त्याला टेकू म्हणतो, पण हवेत त्याचे काम उलटे असते. वर उचलला जाणारा पंख तो खाली ओढून धरतो. तो तुटला की पंख वर दुमडतो, आणि मग वैमानिकाच्या हातात काही राहत नाही.

मी बोलणार आहे ते अमेरिकेतील पायपर कंपनीच्या जे-३ कब, सुपर कब वगैरे विमानांबद्दल. त्यांचा स्ट्रट म्हणजे पोलादी पोकळ नळी, वारा कापण्यासाठी चपटी केलेली. तिचे तोंड पक्के बंद नसले तर आत ओल शिरते, दमट हवेचे पाणी होते आणि ते उतरत उतरत खालच्या टोकाशी साचते. नेमके तिथेच नळीला फोर्क आटे घालून बसवलेला असतो. गंज आतून बाहेर येतो. वरून रंग झकास! रंगाला फोड येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९३ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये याबाबत सक्तीचे आदेश काढले. १९९९ च्या आदेशातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. फोर्कच्या आट्यांना ताणाने चिरा जातात, म्हणून त्यांची तपासणी उड्डाणाच्या तासांवर ठेवली. नळीची तपासणी मात्र दर २४ महिन्यांनी, विमान उडो वा न उडो. कारण हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानातही गंजाची पाळी चालूच असते, त्याला साप्ताहिक सुटी नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी पंखाला खालून भक्कम आधार द्यायचा, मगच स्ट्रट काढायचा. एकट्यादुकट्याने करण्याचे हे काम नव्हे. फोर्क काढायचा असेल तर बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवायचे, कारण पंखाचा कोन त्या आट्यांवर जुळवलेला असतो. स्ट्रटचा खालचा ११ इंचांचा भाग स्वच्छ करायचा. मग मॉल टेस्टर नावाचे, मुळात विमानाचे कापड तपासण्याचे, स्प्रिंगचे साधे हत्यार घ्यायचे आणि ८० च्या खुणेपर्यंत दाबायचे. दर इंचाला एकदा, नळीच्या दोन्ही अंगांना. दिसण्याजोगा पोचा पडला की नळी बाद. दुसरा मार्ग अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजण्याचा. कुठल्याही एका जागी ०.०२४ इंच किंवा त्याहून कमी भरली तरी नळी बाद. सरासरी काढून चालत नाही.

रेल्वेतल्या साथींना हे नवे नाही. गाडीच्या आसाची चीर अल्ट्रासॉनिकनेच सापडते. रुळाचा पायाही लायनरखाली झिजतो, आणि लायनर हलवल्याशिवाय ते दिसत नाही. डब्यातले संडास उघड्यावर रुळावर सांडत होते तेव्हा हा गंज किती झपाट्याने वाढे, ते ट्रॅकवरच्या माणसाला विचारा.

अडचण कुठे येते? पोचा पाहायला मिनिट लागत नाही. वेळ जातो तो पंख पेलून धरण्यात, स्ट्रट उतरवण्यात आणि पुन्हा चढवण्यात. मालकाला विमान संध्याकाळपर्यंत हवे असते. मग कोणीतरी म्हणतो, ‘बाहेरून तर चांगला दिसतोय.’ त्या वाक्यावर काम संपवले तर सही कोणाची राहते? मालकाची नव्हे. म्हणून कामाचा वेळ ठरवताना स्ट्रट उतरवण्या-चढवण्याचे तास आणि जोडीचा माणूस, दोन्ही त्यात धरले गेले पाहिजेत. एवढे तरी संघटनेने भांडून घ्यावे.

दोन्ही टोके पक्की बंद केलेले स्ट्रट मिळतात. ते बसवले की नळीची ही वारंवारची तपासणी आदेशानुसार संपते. मालक किंमत पाहून मागे सरतो, पण दर दोन वर्षांची मजुरी जोडून दाखवा, तोच हिशेब करू लागेल.

आणि जुनेच स्ट्रट ठेवणार असाल तर नोंदवहीत नुसते ‘ठीक’ लिहू नका. कुठल्या स्ट्रटच्या कुठल्या इंचाला किती जाडी भरली, तो आकडाच लिहा. दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाला, तो तुम्ही असा की दुसरा कोणी, गंज किती सरकला ते त्यावरूनच कळेल.