उसाला तुरा आला, पण बी कुठंय?

हेडफोन लावलेत ना? आज विषय उसाचा आहे, पण दराचा नाही. एफआरपी, काटा, तोडणीची टोळी, यातलं काहीच नाही. आज आपण उसाच्या लग्नाबद्दल बोलणार आहोत. हसू नका, विषय गंभीर आहे.

मी श्रीपूरचा. माळशिरस तालुका, नीरेच्या कालव्याचं पाणी आणि साखर कारखाना, ही आमची ओळख. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, श्रीपूरचा कारखाना मूळचा तिचाच. दिवाळीच्या आसपास आमच्याकडं उसाला तुरे दिसायला लागतात. उन्हात चमकतात, रील काढायला झकास. शेतकरी मात्र तुरा बघून कपाळाला हात लावतो. तुरा आला की उसाची वाढ थांबली. त्यात तोड लांबली तर ऊस आतून पोकळ पडतो, वजन घटतं, साखर उतरते.

पण तुरा म्हणजे फुलोरा. फूल आलं म्हणजे बी यायला पाहिजे. मग बांधावर उसाची बियांपासून उगवलेली रोपं तुम्ही कधी बघितलीत का?

ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, उष्ण आणि दमट मुलखातला. त्याला फुलोरा धरायला साधारण साडेबारा तासांचा दिवस लागतो, उबदार रात्री लागतात, पाणी लागतं. श्रीपूर जवळपास १८ अक्षांशावर. इथं पावसाळ्याच्या शेवटी हे गणित जमतं, म्हणून तुरा धरतो. पण तो बाहेर पडून फुलेपर्यंत थंडी येते. उसाचा पराग वाऱ्यावर जातो, आणि रात्रीचं तापमान १८-२० अंशांच्या खाली घसरलं की तो पराग दुबळा होतो. वरून आपली कोरडी हवा. त्यामुळं तुरा दिसायला भरघोस, आत बहुतेक पोचट. खाली कोइम्बतूरला, ११ अक्षांशावर, तुराही येतो आणि बीही धरतं. वर हरियाणात कर्नालला तुराच क्वचित दिसतो. आपण मधल्या पट्ट्यात.

म्हणजे झाड जिथं जगतं ती हद्द वेगळी आणि जिथं त्याचं बी धरतं ती हद्द वेगळी. रानातल्या वनस्पतींचंही असंच होतं. हद्दीच्या कडेला बऱ्याच वनस्पती बियांवाचून मुळांवर, खोडांवर पसरतात. पराग आणि बी यांच्यातून जनुकं इकडून तिकडं जातात, त्याला जनुक-प्रवाह म्हणतात. तो कडेला आटतो.

उसात तर तो आपण स्वतःच बंद केलाय. आपण बी पेरत नाही, कांडी लावतो. को ८६०३२ चा तुमचा ऊस, शेजारच्याचा, सांगलीतल्या मामाचा, हे सगळे एकाच रोपाचे तुकडे. कॉपी-पेस्ट म्हणा. शेतकऱ्याला हे सोयीचंच आहे, कारण चांगला ऊस जसाच्या तसा मिळतो. पण रोगालाही तेच सोयीचं. एका उसाचं कुलूप उघडलं की सगळ्या शिवाराचं उघडलं. उत्तर प्रदेशात को ०२३८ ही जात एका टप्प्यावर ऐंशी टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर होती. तिच्यावर लाल कूज आली आणि शेतंच्या शेतं वाळली. ही बुरशी बेण्यातूनही पसरते, म्हणजे कॉपी-पेस्टमध्ये व्हायरससकट फाईल. म्हणून रोग दिसलेल्या प्लॉटचं बेणं फुकट मिळालं तरी घेऊ नका, आणि सगळं रान एकाच जातीखाली घालू नका.

मग आटलेला प्रवाह चालू कोण करतं? माणूस. ओढ्याकाठी पांढऱ्या तुऱ्याचं काशाचं गवत दिसतं ना, ते उसाचं रानटी भावंड. कोइम्बतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथं बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड जाड उसाचा या काटक गवताशी संकर केला. त्यातून को २०५ आला, १९१८ साली. आजच्या जवळजवळ प्रत्येक उसात काशाचा थोडा अंश आहे. आपण तण म्हणून उपटतो, त्याचं रक्त आपल्या उसात!

आजही राज्याराज्यांचे पैदासकार कोइम्बतूरच्या राष्ट्रीय संकर उद्यानात जातात, हवे ते नर-मादी तुरे जुळवतात आणि बी घरी नेतात. को ०२३८ निवडला कर्नालला, पण त्याचा संकर झाला कोइम्बतूरला. वाऱ्यानं जे काम दोन हजार किलोमीटर कधीच केलं नसतं, ते एका पाकिटानं केलं. आपल्या राज्यात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं संकर केंद्र आंबोलीला आहे. धुक्याच्या, दमट हवेच्या त्या घाटमाथ्यावर ऊस भरपूर फुलतो.

जाता जाता एक गंमत. जातीच्या नावातला 'को' म्हणजे कोइम्बतूर आणि नव्या जातींत पुढचे दोन आकडे म्हणजे साल. ८६०३२ हा १९८६ चा. पाडेगावच्या केंद्रानं दिलेला फुले २६५, म्हणजे कोएम ०२६५, हा २००२ चा.

हे बी मोहरीपेक्षा बारीक, कापसासारख्या तंतूंत गुंडाळलेलं. त्यातून उगवलेली दोन रोपं सारखी नसतात. अशा हजारो रोपांतून गाळत गाळत एक जात हाती यायला दहा-बारा वर्षं जातात. यंदा आंबोलीला धरलेल्या बियांतला एखादा ऊस श्रीपूरच्या रानात लागेल, तेव्हा आज दहावीत असलेलं पोरगं बापाच्या हातून शेती घेऊन कारखान्याच्या काट्यावर उभं असेल.