दोन रात्रींची बोट

आपण तापीकाठची माणसं, समुद्राचं अप्रूप आपल्याला जरा जास्तच. 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ बोट मुंबई-गोवा धावू लागली, 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ आली. ही अकरा मजली बोट 1990 पासून पाण्यावर आहे, नवीकोरी नव्हे.

अशा बोटीवर खरी सोय होते ती गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांची. बॅग एकदाच उघडायची; जेवण, गाणीबजावणी, लिफ्ट, सगळं हाताशी. जैन जेवणही मिळतं. कळण्याच्या भाकरीची आशा मात्र ठेवू नका!

आता खर्चाचं बघू. बोट कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे जळगाव-धुळ्याहून आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी. तो मुक्काम हिशेबात धरा. जाहिरातीतल्या भाड्यावर कर, बंदरशुल्क, वाय-फाय वेगळं लागतं का, ते बुकिंगआधी विचारा. सगळ्यात स्वस्त खोलीला बहुधा खिडकी नसते. मळमळ होत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधली खोली मागा. किनारा सुटताच मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बोटीवरच्या रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. आणि दोन रात्रींच्या या फेरीत गोव्यात हाती लागतात मोजकेच तास. मंगेशीपासून पाळोळ्यापर्यंत सगळं बघायचं असेल, तर सरळ रेल्वेनं जा.