आकडा कोणत्या बाळांचा?

मंडळी, हृदयावर व्याख्यान म्हटल्यावर निम्म्या सभागृहाला कविता अपेक्षित असणार. मी आकडे घेऊन आलो आहे, सांभाळून घ्या.

ब्रिस्टलचं प्रकरण इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. स्टीफन बोलसिन हे भूलतज्ज्ञ १९८८ मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरीत रुजू झाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुलं जास्त दगावताहेत, असं त्यांना दिसू लागलं. वरिष्ठांच्या कानावर घालून उपयोग होईना, तेव्हा ते स्वतःच आकडे जमवू लागले. पुढे या प्रकरणाची चौकशी झाली आणि ती करणाऱ्या इयान केनेडींचा अहवाल २००१ मध्ये आला. त्यात निघालं की १९९१ ते १९९५ या काळात वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त गेली होती. बोलसिन तोवर ऑस्ट्रेलियात निघून गेले होते.

पण नुसते मृत्यू मोजून भागत नाही. अर्धंच हृदय घडलेलं दोन किलोचं बाळ आणि हृदयाच्या पडद्याला साधं भोक असलेलं पाच वर्षांचं मूल, दोघं एकाच यादीत घातली की अवघड बाळं घेणारं रुग्णालय बदनाम होतं. मग सर्जन तशा बाळाला हात लावायला कचरतो. म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या गणितज्ञांनी 'प्रेझ' नावाची पद्धत बसवली. वय, वजन, निदान आणि शस्त्रक्रियेचा प्रकार पाहून किती मुलं जगायला हवीत याचा अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्षातला आकडा त्याच्याशी ताडून पाहायचा.

तरी घोळ होतोच. मार्च २०१३ अखेरीस मृत्यूचे आकडे जास्त दिसले म्हणून लीड्समधल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया थांबवल्या गेल्या. पुढे कळलं, पाठवलेल्या नोंदीच अपुऱ्या होत्या. एप्रिलमध्ये काम पुन्हा सुरू झालं. सर्जनला आपण पेढे देतो, रकाने भरणाऱ्याला कोण विचारतो?

आज ब्रिटनमध्ये शंभरातली सुमारे ९८ मुलं शस्त्रक्रियेनंतरचे ३० दिवस पार करतात. छानच आहे, पण एकतिसाव्या दिवशी काय? लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टर केट ब्राउन आणि सहकाऱ्यांनी पालकांनाही सोबत घेऊन मोजण्याजोग्या नऊ गुंतागुंती ठरवल्या. मेंदूला इजा, मूत्रपिंड बंद पडणं, जंतुसंसर्ग त्यात आहेतच, आणि बाळाला तोंडाने दूध न घेता येणंही आहे. नाकातल्या नळीने दिवसरात्र दूध भरवणाऱ्या आईला हे मोजायला हवं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे निकाल सगळ्यांसाठी खुले असतात. कुणाच्या घरी अशी वेळ आलीच, तर ते वाचा. आणि डॉक्टरांना बिनधास्त विचारा: आमच्या बाळासारख्या बाळांचं तुमच्याकडे काय होतं, आणि घरी गेल्यावर ती कशी असतात?