जनुकीय माहिती आणि लाभाचे वाटप

वनस्पतींच्या हरितलवकांना स्वतःचा जनुकसंच असतो. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जनुकक्रम जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये वाचला. आज हजारो वनस्पतींचे असे क्रम सर्वांना विनामूल्य उपलब्ध असून त्यांवरून वनस्पतींचा वंशवृक्ष जुळवला जातो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही सार्वजनिक वस्तू होय. वनस्पती जपण्याचा भार मात्र स्थानिकांवरच राहतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ चा भर प्रत्यक्ष संसाधनावर होता. क्रम वापरणाऱ्याला वनस्पती न्यावीच लागत नाही. म्हणून २०२४ मध्ये कोलंबियातील कॅली येथील परिषदेत जागतिक निधी ठरला. त्यातील किमान निम्मा वाटा आदिवासी व स्थानिक समुदायांसाठी अपेक्षित आहे. परंतु कंपन्यांचे योगदान ऐच्छिक आहे आणि केवळ ऐच्छिक योगदानावर सार्वजनिक वस्तूंचा खर्च सहसा भागत नाही.