वसईच्या ख्रिस्ती समाजाचे सणवर्ष आणि मराठी भाषा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



गुडीहत्नूरसारख्या सीमेवरील गावात राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न जन्मभर सोबत करतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. कारभाराची भाषा तेलुगू आणि घरातली मराठी. राजाश्रय नसलेली भाषा कशाच्या आधारावर टिकते, हा तो प्रश्न. त्याचे एक उत्तर मला वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या सणवर्षात दिसते. तेच आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत अनेकांचा धर्म पालटला; घरातली बोली मात्र पालटली नाही. सामवेदी, वाडवळी या बोली ख्रिस्ती घरांतही नांदत राहिल्या. पाद्री, क्रूस, नाताळ हे पोर्तुगीज शब्द मराठीने आपलेसे केले, इतकेच. त्याआधीच, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात राचोल येथे छापले गेले होते. नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काही तरी हवे होते, म्हणून ही सुमारे अकरा हजार ओव्यांची रचना सिद्ध झाली. रविवारी व सणावारी ती देवळात वाचली जाई. म्हणजे सण आणि मराठी वाचन यांची सांगड येथे चारशे वर्षांची आहे.

तरीही मिस्सेची भाषा लॅटिनच होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि मराठी वेदीपर्यंत पोहोचली.

आता वर्षाचा क्रम पाहू. नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा उपासनावर्षाचा आरंभ. या दिवसांत घरोघरी गोठ्याची सजावट होते आणि नाताळगीतांच्या तालमी चालतात. पुढे राखेच्या बुधवारी कपाळी राख लावून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे शुभवर्तमान वाचले जाते. त्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. ख्रिस्ताचे शब्द धर्मगुरूंच्या मुखी, निवेदन वाचकाच्या आणि जमावाचे शब्द साऱ्या मंडळीच्या मुखी. अक्षरओळख नसलेली आजीही तेथे मराठी गद्य मोठ्याने उच्चारते. मग येतो पुनरुत्थानाचा सण. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात जपमाळेच्या प्रार्थनेसाठी शेजारीपाजारी एकत्र जमतात.

ऑक्टोबरच्या प्रारंभी ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ‘आगेरा’ होतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. आपल्याकडे पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या शेतकऱ्याला यातील भाव समजावून सांगावा लागणार नाही. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणासाठी कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवतात. जन्म, कापणी, मरण या सर्व प्रसंगी जी भाषा ओठांवर येते, ती सहसा विसरली जात नाही.

प्रॉटेस्टंट पंथीयांनीही हीच वाट धरली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन आणि कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकार उपासनेत रुजवले. त्यांची पदे आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात.

मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. मुंबईतील अनेक धर्मग्रामांत उपासना इंग्रजीकडे वळली. तेथील ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोली आज तरुणांच्या तोंडी विरळ ऐकू येते. वसईतही इंग्रजी शाळांत शिकणारी पिढी मोठी झाली आहे. तिला प्रार्थना कोणत्या भाषेत हवी, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहील. या दोलायमान काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करणारे आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीची बाजू निष्ठेने सांभाळली. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते निवर्तले.

मित्रहो, यातून आपण घेण्यासारखा बोध साधा आहे. केवळ ग्रंथ कपाटात ठेवल्याने भाषा राहत नाही. तिला वर्षभराचे ठरलेले दिवस लागतात, आणि त्या दिवशी ती सर्वांनी मिळून उच्चारावी लागते. आपल्या ग्रंथालयानेही दुसऱ्या शतकात पदार्पण करताना सामुदायिक वाचनाचे असे काही दिवस नेमावेत आणि त्यात लहान मुलांना आवर्जून बोलावावे, अशी विनंती करतो. या वास्तूला दीर्घायुष्य चिंतून माझे भाषण पुरे करतो.