आमवात आणि बिडी

आमवाताच्या, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णाला सकाळ फार जड जाते. उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. आणि नेमकी त्याच वेळी पहिली बिडी हवी असते. काडी ओढायला बोटांत जोर नाही म्हणून नातवाकडून ती पेटवून घेणारे आजोबा मी पाहिले आहेत. त्यांच्यावर रागावून काही साधत नाही. ‘तेवढाच दुखण्याचा विसर पडतो,’ असं ते सांगतात आणि ते खरंच सांगतात. न्यूझीलंडमध्ये अशा रुग्णांशी बोलून अभ्यास झाला, त्यातही हेच पुढं आलं. शिवाय व्यायाम जमत नाही, आधाराला कुणी नाही, अशीही कारणं निघाली. पण आम्हा डॉक्टरांनी मनावर घ्यावं असं कारण वेगळंच होतं. धुराचा आपल्या सांध्यांशी संबंध आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

संबंध असा आहे. धुरामुळे फुफ्फुसातल्या काही प्रथिनांचं रूप बदलतं. ज्यांच्यात आनुवंशिक कल असतो, त्यांचं शरीर या प्रथिनांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तुमच्या रिपोर्टवर ‘अँटी सीसीपी’ लिहिलेलं असतं, ती हीच. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीही ती रक्तात सापडतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं की, आई आणि वडील दोघांकडून हा कल देणारी जनुकं आलेली असली आणि माणूस धूम्रपानही करत असला, तर अशी प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका २१ पट होतो. तुलना अर्थात ती जनुकं नसलेल्या, न ओढणाऱ्या माणसाशी. म्हणून रुग्णाच्या मुलांनी आणि भावंडांनी तर बिडी-सिगारेटला हातच लावू नये.

आजार जडल्यावरही धूर आडवा येतोच. मेथोट्रेक्सेट काय किंवा महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं काय, ओढणाऱ्यांना कमी लागू पडतात, असं दिसून आलं आहे. पैसा खर्च होतो, गुण मात्र तेवढा येत नाही. आमवातानं हृदयविकाराचा धोका वाढतोच, त्यात बिडीची भर.

एक मात्र स्पष्ट सांगतो. बिडी सोडली म्हणून आठवड्यात सूज उतरत नाही. तसं वचन कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका, कारण सूज उतरली नाही की माणूस चिडून पुन्हा बिडीकडे वळतो. हृदयाला मात्र फायदा लवकर मिळू लागतो.

सकाळच्या त्या अवघड तासाला हात कोमट पाण्यात बुडवून बोटांची उघडझाप करा. ताठरपणा सैल होतो आणि हातही गुंतलेले राहतात. निकोटीनचं च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतं, पण आमवातात जबड्याचा सांधाही दुखू शकतो. तसं असेल तर डॉक्टरांना निकोटीनच्या पट्टीबद्दल विचारा. बिडी सुटली म्हणून मिश्री किंवा तंबाखूची चिमूट मात्र धरू नका, तोंडाचा कर्करोग त्यातूनही होतो.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १८००-११-२३५६. आज फोन करा. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी दिवसाला किती ओढता ते आपणहून सांगा.