शाळेचे दप्तर, प्रत आणि किल्ली



22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण बुडाले. अशा प्रसंगी शाळेचा संगणक गेला, तर दप्तराची अन्यत्र ठेवलेली प्रत हाच आधार उरतो. संगणकाची हार्ड डिस्क सांकेतिक कुलपाने बंद असली, तरी तिच्यातून काढलेली प्रत आपोआप बंद राहत नाही. मुलांची माहिती परक्या हाती पडू नये, म्हणून प्रतीच्या डिस्कलाही कुलूप घालावे. मात्र परवलीचा शब्द विसरला व किल्लीही हरवली, तर ती शाळेलाही उघडणार नाही. विंडोजमधील बिटलॉकरची अशी किल्ली 48 अंकांची असते. मुख्याध्यापकांनी ती कागदावर उतरवून प्रतीपासून निराळी, कोरड्या जागी जपावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडली, तरच ती प्रत म्हणावी.